पेडर रोडवर गेलेली सहा मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे पुण्यात कोथरूडला राहतात, वय ४१, आठवड्याला ३०-३५ किलोमीटर धावतात. जानेवारीतल्या मुंबई हाफ मॅरेथॉनमध्ये (२१.१ किलोमीटर) गेल्या वेळी त्यांना २ तास ८ मिनिटं लागली. पहिले १० किलोमीटर ५६:३० मध्ये झाले, सी लिंकवर अगदी तरंगल्यासारखं वाटलं, पेडर रोडच्या चढावर चालावं लागलं आणि मरीन ड्राइव्हवर पायांनी संप पुकारला. त्याच हिवाळ्यात पुण्यात त्यांनी १० किलोमीटर ५५:१० मध्ये मारले होते. आता त्यांना समुद्रकाठच्या याच हाफमध्ये दोन तासांच्या आत यायचं आहे. त्यासाठी किलोमीटर वाढवावेत, इंटरव्हल (जोरात-हळू असे आलटून पालटून तुकडे) करावेत, की कार्बन प्लेटचे (तळात कडक कार्बनची पट्टी असलेले) शूज घ्यावेत?

शूजचं नंतर बघू. आधी तुमचेच आकडे तुमच्यासमोर मांडते, कारण उत्तर बरंचसं त्यातच आहे.

पीटर रीगल नावाच्या एका अमेरिकी इंजिनिअरने १९७७ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. एका अंतराची वेळ माहीत असेल तर दुसऱ्या अंतराची वेळ त्यावरून काढता येते. दोन अंतरांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा १.०६ वा घात करायचा आणि पहिल्या वेळेला त्याने गुणायचं. १० किलोमीटरवरून हाफसाठी हा गुणक साधारण २.२१ येतो. तुमचे ५५:१० या सूत्रात घातले तर उत्तर येतं २ तास १ मिनिट आणि ४०-४५ सेकंद. म्हणजे गेल्या वर्षीच्याच फिटनेसवर तुमच्या पायांत जवळपास २:०२ ची हाफ होती. घड्याळात मात्र २:०८ आली. दोन तासांसाठी जी आठ मिनिटं कमी करायची आहेत, त्यातली सहा तयारीत कमी पडलेलीच नाहीत. ती रस्त्यावर सांडली. राहिलेल्या दोनेक मिनिटांसाठी ट्रेनिंग लागेल, तेही सांगते.

सहा मिनिटं सांडली कुठे, तेही तुमच्या स्प्लिटमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळांत, दिसतं. पहिले १० किलोमीटर ५६:३०, म्हणजे ५:३९ चा पेस (एका किलोमीटरला ५ मिनिटं ३९ सेकंद). उरलेले ११.१ किलोमीटर ७१:३० मध्ये, म्हणजे ६:२७ चा पेस. तुमचा आयुष्यातला सर्वोत्तम १० किलोमीटरचा वेळ ५५:१० आहे आणि हाफच्या पहिल्या १० मध्ये तुम्ही त्यापेक्षा जेमतेम ८० सेकंद हळू होता, तेही मुंबईच्या दमट हवेत. पेडर रोडला दोष देऊ नका, तिथे फक्त बिल फाटलं. खर्च सी लिंकवर झाला होता.

हा रस्ता माणसाला फसवतो कसा, ते नीट बघू. माहीमच्या रेती बंदरावरून पहाटे पाचच्या सुमारास सुरुवात होते. मार्ग आणि वेळ दरवर्षी थोडी इकडेतिकडे होते, तेव्हा आयोजकांचा त्या वर्षीचा नकाशा बघाच. पण ढाचा साधारण हाच: माहीमहून वांद्र्याकडे, तिथून सी लिंकवरून वरळी, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड, केम्प्स कॉर्नर, गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि मग आत वळून सीएसएमटीच्या परिसरात शेवट.

स्टार्टला तासभर होल्डिंग एरियात उभं राहून माणूस कंटाळलेला असतो. सुटला की पहिले दोन किलोमीटर गर्दीत अडकतो आणि ते भरून काढायच्या नादात माणसांच्या फटीतून डावीउजवीकडे पळतो. मग एकदम सी लिंक लागतो. साडेपाच किलोमीटरहून थोडा लांब, रुंद, मोकळा, अंधारातला रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, अंगावर वारा. एरवी या पुलावर पायी जायची परवानगीच नाही, त्यामुळे वर्षातून एकदा मिळालेली ही संधी अंगात येते. निम्मे लोक सेल्फीसाठी मध्येच थांबतात (केबलच्या खांबांपाशी जरा जपून, समोरचा माणूस कधी ब्रेक मारेल सांगता येत नाही) आणि निम्मे उधळतात. अंधारात वेगाचा अंदाज नीट येत नाही. श्वास सोपा वाटतो, कारण शरीर अजून तापलेलं नसतं. ५:२५ चा पेस तिथे ५:४५ सारखा वाटतो.

वाऱ्याचाही एक खेळ आहे. शाळेत शिकलो तसं दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री ते पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. जानेवारीच्या पहाटे मुंबईत वारा बहुतेक वेळा हलका, उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो आणि तुम्ही एकूण दक्षिणेला धावत असता. म्हणजे वारा पाठीवर. ऐकायला छान वाटतं. पण पाठीवरचा वारा तुमच्याच वेगाने चालला असेल तर तुमच्या अंगाभोवतीची हवा जवळजवळ स्थिर होते आणि घाम वाळत नाही. पुलावर कडेकडेने तरी वारा लागतो. वरळीत इमारतींच्या आडोशाला आलात की तो एकदम जातो आणि टी-शर्ट अंगाला चिकटतो. शरीर तापतंय हे खरं तिथे कळायला हवं. बहुतेकांना ते हाजी अली ओलांडल्यावर कळतं.

आता तुमच्या पुणेरी बाजूकडे येऊ. पुण्याहून येणाऱ्या बऱ्याच धावपटूंना मी हेच सांगते: मोबाइलवर आर्द्रतेचा टक्का बघू नका, दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव पडायला लागतं ते तापमान) बघा. पुण्यात जानेवारीत पहाटे ११ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू आठच्या आसपास असतो. मुंबईत २० अंश आणि तेच ८० टक्के असतील तर दवबिंदू सोळाच्या वर जातो. टक्का सारखाच दिसतो, पण हवेतलं बाष्प जवळजवळ पावणेदोन पट. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होतं. नुसता गळणारा घाम काही कामाचा नाही, उलट पाणी आणि मीठ घेऊन जातो. त्यात हवामान खात्याच्या मुंबईत दोन वेधशाळा आहेत, सांताक्रूझ आणि कुलाबा. हिवाळ्यात बातम्यांत येणारं गारठ्याचं तापमान बहुधा सांताक्रूझचं असतं. कुलाब्याचं किमान तापमान बऱ्याचदा दोनतीन अंश जास्त असतं आणि तुमची हाफ कुलाब्याच्या बाजूला संपते. ‘यंदा मुंबईत मस्त थंडी आहे’ ही बातमी तुमच्या शेवटच्या पाच किलोमीटरसाठी नसते.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. दोन तासांची हाफ धावणारा तोवर शेवटाला पोचलेला असतो किंवा मरीन ड्राइव्हवर असतो. म्हणजे टोपी, गॉगल, सनस्क्रीन यांची चिंता फुल मॅरेथॉनवाल्यांना करू द्या.

शर्यतीआधीच्या संध्याकाळी पहाटे पाच ते सातचा दवबिंदू बघा. माझा ठोकताळा असा आहे: १६ पर्यंत मूळ आखणी ठेवायची. १६ ते १९ असेल तर प्रत्येक किलोमीटरला पाच ते आठ सेकंद सोडायची, आणि ती पहिल्या किलोमीटरपासून सोडायची, दमल्यावर नव्हे. १९ च्या वर गेला तर त्या दिवशी २:०३-२:०५ सुद्धा चांगली धाव समजायची. हवामानाशी भांडून कुणाची पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) आलेली मी पाहिली नाही.

आता आखणी. २ तास भागिले २१.०९७५ किलोमीटर म्हणजे ५:४१ चा पेस, आणि जरा हात राखून १:५९:३० धरलं तर ५:४०. पण सगळे किलोमीटर ५:४० ने धावायचा हट्ट या रस्त्यावर चालत नाही. पहिले तीन किलोमीटर ५:४८ ने जा. गर्दी आहे, तेवढेच मिळतील, आणि फटीतून घुसायचं नाही. पुढचे सात, म्हणजे मुख्यतः सी लिंक, ५:४२ ने. १० किलोमीटरच्या फलकापाशी ५७:१८ दिसायला हवेत. हो, गेल्या वर्षीपेक्षा ४८ सेकंद उशिरा. तिथे तुमच्या शेजारून लोक भराभर पुढे जात असतील. जाऊ द्या, त्यातले बरेच पेडर रोडवर भेटतील. वरळी ते हाजी अली हे चार किलोमीटर ५:३८ ने, १४ ला १:१९:५०. मग चढाचे दोन किलोमीटर ५:५५ ने. उताराचा एक ५:३० ने. इथे घड्याळात १:३७:१० असतील आणि शिल्लक असेल ४.१ किलोमीटर. ते ५:३० ने झाले तर १:५९:४२.

शेवटचे चार ५:३० ने म्हणजे तुमच्या १० किलोमीटरच्या पेसने, आणि ते सोपं नाही. तयारी झालेली असेल आणि पहिले १४ खरंच राखून धावला असाल तरच ते निघतात. तसं होणार नसेल तर ते तुम्हाला चौपाटीवरच कळेल. तेव्हा ५:४० धरून ठेवा, २:००:२० च्या आसपास याल. तीही तुमची पीबीच, पावणेआठ मिनिटांची.

पेडर रोडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या चढाची भीती त्याच्या उंचीपेक्षा मोठी आहे. हाजी अलीनंतर, चौदा-पंधरा किलोमीटरच्या सुमारास रस्ता हळूहळू वर जायला लागतो. तुम्ही पौड रोडकडून एआरएआयच्या टेकडीवर जात असाल तर त्यापुढे हा चढ काहीच नाही. पण टेकडीवर तुम्ही ताजे असता आणि इथे दीड तास धावून आलेले. चढ सरळसोट नाही. चढतो, जरा सपाट होतो, संपला वाटतं आणि पुन्हा चढतो. म्हणून नजर चढाच्या माथ्याकडे लावू नका, पुढच्या वीस-पंचवीस मीटरवर ठेवा. पावलं छोटी करा, त्यांची लय तीच ठेवा, हात थोडे जास्त हलवा, कमरेत वाकू नका. घड्याळ बघूच नका. श्वास सपाटीला जेवढा लागला होता तेवढाच लागायला हवा, त्यात पेस ५:५५ झाला काय नि ६:०५ झाला काय, फरक फार तर वीस सेकंदांचा. चालायला लागलात की मात्र एका मिनिटाला जवळपास अर्धं मिनिट जातं आणि पुन्हा धावायला लागणं त्याहून अवघड होतं.

पेडर रोडचे रहिवासी हा या शर्यतीचा खरा दागिना. पहाटेच्या अंधारात आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसलेले असतात, हातात संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की, कुठे ढोल. मनापासून हात हलवा, पण चिक्की तोंडात टाकू नका. चढावर जोरात श्वास चालू असताना दाणे घशात अडकतात. आणि टाळ्यांनी वेग वाढवायचा नाही. टाळ्या संपतात, चढ राहतो.

केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून उतार लागतो. इथे लोक दोन चुका करतात: एक तर टाचेवर ब्रेक मारत उतरतात, त्यात मांड्या जातात, नाहीतर ५:०० ने सुसाट सुटतात आणि चौपाटीवर श्वास हरवतात. शरीर किंचित पुढे, पाय पटापट, पेस आपोआप येईल तेवढाच.

मग मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरचा हा कमानदार रस्ता टीव्हीवर सुंदर दिसतो. धावणाऱ्याला मात्र त्याचं दुसरं टोक सतत दिसत राहतं आणि जवळ येत नाही. इथे दिव्यांच्या खांबांचा उपयोग करा. चार खांब जोरात, मग पुढचे चार, एवढंच बघायचं. दुसरं, कमानीचा आतला भाग समुद्राकडे आहे, म्हणजे तुम्हाला दिलेल्या लेनमध्ये समुद्राकडची कड धरली तर अंतर सर्वांत कमी पडतं. बहुतेक लोक मधोमध धावतात.

या ‘सर्वांत कमी अंतरा’ला फार किंमत आहे. अधिकृत मार्ग मोजतात तो कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, वळणांवर सर्वांत जवळचा रस्ता धरून, खास मोजणीयंत्र लावलेल्या सायकलने. आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक एवढं अंतर मुद्दाम जास्त धरतात. आपण मात्र गर्दीतून, पाण्याच्या टेबलांकडे, वळणांच्या बाहेरून धावतो. घड्याळात २१.३ भरतात ते त्यामुळे. ५:४० च्या पेसला हे २०० मीटर म्हणजे एक मिनिट आठ सेकंद! शिवाय उंच इमारतींमध्ये आणि पुलांखाली जीपीएस गोंधळतं. तेव्हा घड्याळाचं ऑटो-लॅप (दर किलोमीटरला आपोआप होणारी नोंद) बंद करा आणि प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी हाताने लॅप दाबा. वर दिलेले सगळे आकडे फलकांचे आहेत. घड्याळाच्या सरासरी पेसवरच धावायचं असेल तर ५:४० ऐवजी ५:३७ दिसायला हवा.

दोन तासांच्या पेसरची (झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत धावणाऱ्याची) ‘बस’, म्हणजे त्याच्याबरोबरचा घोळका, धरावी का, असंही बरेच जण विचारतात. धरा, पण पोटात शिरू नका. बसमध्ये पाण्याच्या प्रत्येक टेबलावर चेंगराचेंगरी होते आणि तिथे आत हवाही लागत नाही. पंधरावीस मीटर मागे राहा. पेसर बहुतेक सारख्या पेसने जातात, म्हणजे सी लिंकवर ते तुमच्या पुढे असतील आणि चढावर आणखी थोडे पुढे जातील. घाबरू नका. झेंडा दिसत राहिला की पुरे. चौपाटीनंतर तो जवळ यायला लागायला हवा.

आता ती दोन मिनिटं, म्हणजे ट्रेनिंग. तुमचा १० किलोमीटरचा वेळ ५४:२० च्या आत आला की सूत्राप्रमाणे दोन तास कागदावर येतात. त्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचे तेरा-चौदा आठवडे मिळतात. आठवड्याचे ३५ किलोमीटर हळूहळू ५०-५२ वर न्या, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला थोडं खाली येत. वाढलेले बहुतेक किलोमीटर सावकाश, ६:३० ते ६:५० ने, बोलता येईल असे. हे सावकाश धावणं लोकांना जमत नाही. पुण्यात ग्रुपमध्ये धावताना मंगळवारची इझी रन कधी रेस होते, कळत नाही.

जोरात धावायचे दिवस आठवड्यातून दोनच. एक टेम्पोचा, म्हणजे जोरात पण टिकवता येईल अशा वेगाचा: सुरुवातीला १० मिनिटांचे तीन तुकडे ५:३५ च्या आसपास, मध्ये दोन मिनिटं हळू. डिसेंबरपर्यंत २० मिनिटांचे दोन. दुसरा आलटून पालटून, एका आठवड्याला एक किलोमीटरचे पाच ५:१५-५:२० ने, पुढच्या आठवड्याला टेकडी. इंटरव्हल यापेक्षा जास्त नकोत, तुमची अडचण वेगाची नाही.

खरं सोनं रविवारच्या लाँग रनमध्ये आहे. नुसते २० किलोमीटर रमतगमत करून ‘झाले’ म्हणू नका. एका रविवारी १८ किलोमीटर धावा, पहिले १० सावकाश आणि शेवटचे ८ थेट ५:४० ने. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी १४ किलोमीटर झाल्यावर चढ घ्या. एआरएआयचा डांबरी रस्ता तुमच्या घराजवळच आहे. चढ संपल्यावर लगेच सपाटीला तीन किलोमीटर ५:३५ ने. दमलेल्या पायांनी चढ चढून पुन्हा लय धरायची सवय शरीराला असेल तर पेडर रोड तुमच्यासाठी नुसता रस्ता राहील. हे दोन रविवार मिळून चारपाच वेळा झाले पाहिजेत.

दमटपणाची सवय पुण्यात कशी लावायची? उष्णतेला शरीर साधारण १०-१४ दिवसांत सरावतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात धावलेल्या मुंबईकरांना हे फुकट मिळतं. तुम्ही शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातल्या दोनतीन इझी रन पहाटेऐवजी दुपारी तीन-चारला करा, किंवा पहाटेच विंडचीटर घालून करा. फक्त इझी, ४०-५० मिनिटं, आणि नंतर पाणी-मीठ भरपूर. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शिवाय डिसेंबरमध्ये एक रविवार काढून शनिवारीच मुंबईला या आणि वरळीहून पेडर रोडमार्गे नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन परत फिरा. रविवारी पहाटे रस्ते मोकळे असतात. चढ कुठे सुरू होतो, कुठे फसवा सपाट होतो, हे पायांना ठाऊक असलेलं बरं.

खाण्यापिण्यात सगळ्यात मोठा गोंधळ मी आदल्या दिवशी पाहते. बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. शनिवारी पुण्याहून येऊन एक्स्पोत तीन तास उभं राहायचं, संध्याकाळी मित्राकडे पावभाजी, रात्री अकराला झोप आणि दोनला गजर. शक्य असेल तर शुक्रवारीच बिब घ्या. शनिवारी दुपारचं जेवण भरपेट, रात्रीचं हलकं आणि लवकर: वरण-भात, दही-भात, मुगाची खिचडी. मिसळ, उसळ, सॅलड रविवारी दुपारी. शनिवारी रात्री झोप नीट लागणार नाही. नाही लागली तर नाही, शुक्रवारची झोप मोजली जाते. पहाटे स्टार्टच्या दोन-अडीच तास आधी दोन ब्रेड जॅम लावून, एक केळं आणि रोज घेत असाल तर चहा-कॉफी. त्या दिवशी पहाटे खास लोकल सोडतात, त्यांचं वेळापत्रक आदल्या आठवड्यात बघून ठेवा. रस्ते बंद असल्यामुळे टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एका जेलमध्ये (धावताना खायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीत) साधारण २०-२५ ग्रॅम असतात. पहिलं ४० व्या मिनिटाला, दुसरं हाजी अलीच्या आधी, म्हणजे चढाला ते पोटात असेल. चढ सुरू झाल्यावर घेतलेलं जेल चढाच्या कामी येत नाही. जेल पाण्याबरोबर घ्या, एनर्जी ड्रिंकबरोबर नको, पोट बिघडतं. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोनचार घोट, एखाद्या-दुसऱ्या ठिकाणी इलेक्ट्रोलाइट. ‘मुंबई आहे, भरपूर पाणी प्या’ असं कुणी सांगेल, पण तहानेपेक्षा बरंच जास्त पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते पाणी कमी पडण्यापेक्षा धोकादायक ठरू शकतं. गार पाणी मानेवर आणि मनगटांवर घ्या, डोक्यावरून ओतू नका. ते शूजमध्ये उतरतं आणि सतराव्या किलोमीटरला फोड येतो. दमट हवेत मांड्या आणि काखा सोलवटतात, पुरुषांच्या छातीवरही घर्षणाने रक्त येतं. व्हॅसलीन सढळ हाताने लावा. वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका, घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम अचानक थांबून अंगावर काटा आला, तर तिथेच थांबा. रस्त्यात वैद्यकीय केंद्रं असतात.

आता शूज. कार्बन प्लेटचा फायदा वेगाने धावणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो, आपल्या ५:४० च्या पेसला तो कमी आणि माणसागणिक वेगळा. पंधरावीस हजार वर असतील तर जरूर घ्या, पण त्यांत किमान दोन लाँग रन झालेल्या असू द्यात. पोटऱ्यांवर वेगळा ताण येतो. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी डिसेंबरमधल्या त्या मुंबईच्या फेरीवर घालेन.

आणि तुम्हाला नुसता आकडाच हवा असेल तर, खरं सांगायचं, मुंबई हा त्यासाठी सर्वांत सोपा रस्ता नाही. समुद्रकाठची सगळी शहरं धावायला अवघड असतात असंही नाही. व्हॅलेन्सियाला डिसेंबर २०२० मध्ये ५७:३२ आणि लिस्बनला नोव्हेंबर २०२१ मध्ये ५७:३१ असे तेव्हाचे हाफचे जागतिक विक्रम झाले. समुद्रसपाटी तीच, पण गारवा आणि सपाट रस्ता. आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने नोव्हेंबर २०२० मध्ये ६० मिनिटं ३० सेकंदांत हाफ धावून राष्ट्रीय विक्रम केला, तोही दिल्लीच्या सपाट रस्त्यावर. किलोमीटरला २:५२! पण तुम्ही प्रश्न मुंबईचा विचारलात आणि मला तो आवडला, कारण इथे डोकं चालवणाऱ्याला जास्त मिळतं.

शेवटच्या दहा दिवसांत नवीन काही करू नका. किलोमीटर निम्मे, पण त्यांतले काही ५:४० चेच ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात. बुधवारी तीन किलोमीटर रेस पेसने, शनिवारी सकाळी पंधरा-वीस मिनिटं. शर्यत संपल्यावर लगेच फुटपाथवर बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, मग खारं काहीतरी खा. वेळ बघाल तो चिप टाइम, म्हणजे स्टार्टच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंतचा तुमचा स्वतःचा वेळ. स्टार्टची रेषा ओलांडायलाच तुम्हाला पाच-सात मिनिटं लागलेली असतील, ती तुमच्या खात्यात धरत नाहीत. त्यानंतर दहा दिवस वेगाने धावणं नाही. आणि जे काही येईल ते, प्रत्येक पाच किलोमीटरच्या स्प्लिटसह, मला पाठवा. १० किलोमीटरला ५७ च्या आत दिसलात तर पुढचं वाचणार नाही.